बिनचिठ्ठीची सिरिंज

“दहा एमएल कुठी गेला, भाऊ?”

हे मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. हातात नेमणुकीचा कागद होता, पाठीवर बॅग होती. एमबीबीएसनंतरचं सरकारी सेवेच्या बंधपत्राचं वर्ष काढायला मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात त्याच सकाळी पोचले होते. मला वाटलं, आत कुणाच्या तरी औषधात गडबड झाली आहे आणि एका डॉक्टरची झडती चालली आहे. डोकावून पाहिलं तर पन्नाशी उलटलेले, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ खिडकीपाशी उभे होते. टपरीवाल्यानं आणलेला चहा त्यांनी काचेच्या मोजपात्रात ओतला होता आणि ते पात्र डोळ्यांच्या रेषेत धरून ते एक डोळा मिटून पाहत होते.

“नव्वद हाय. तू तं शंभरचा कप म्हणतो.”

“सर, फेस बी मोजा ना,” टपरीवाला म्हणाला.

“फेस म्हणजे हवा. हवेले चहा म्हणून राह्यला काय?”

“मग उद्यापासून हवा कमी टाकतो.”

टपरीवाला हसत माझ्या बाजूनं निघून गेला. त्याला याची सवय होती. मला नव्हती, आणि वर्षभरात झालीही नाही. ते मोजपात्र नवं होतं, प्रयोगशाळेत कधी गेलेलं नव्हतं, असं वॉर्डातल्या मावशींनी मला नंतर शपथेवर सांगितलं. तरी मी तिथे चहा पिताना नेहमी आधी कप बघायची.

लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मी अबोल आहे. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. काही बोलायचं झालं की वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते, तोवर समोरचा माणूस विषय बदलून मोकळा झालेला असतो. सरांसमोर तर तेवढाही वेळ मिळायचा नाही. पहिल्याच दिवशी मावशी कुणाला तरी म्हणाल्या, “नव्या मॅडमले तोंड हाय का नाई, कोण जाणे. पाहते मात्र सारं.” मी पलीकडेच पाठमोरी बसले होते.

सरांचा सगळ्यांत मोठा राग एमएल या मापावर होता. कुणी सिस्टर म्हणाली, “सर, अर्धा एमएल देऊ?” की ते हातातलं काम टाकून खुर्ची वळवत. “कशाचा अर्धा एमएल? पाण्याचा? औषध मिलिग्रॅममधी असते बाई. एमएल तं पाणी हाय.” मग धान्य मोजायच्या पायलीचं व्याख्यान सुरू व्हायचं. ते व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकलं की आजही मधूनच कुठूनही सुरू करून शेवटपर्यंत म्हणून दाखवीन.

“एक पायली मोहफुलं घे अन् एक पायली धान घे. माप तेच. पायली तेवढीच. पण वजन सारखं भरते काय?”

“नाई सर.”

“काऊन नाई?”

“मोहफुलं हलकी सर.”

“मंग! पायली म्हणजे एमएल. वजन म्हणजे मिलिग्रॅम. पायली सांगून धान विकशील, पण मोहफुलांच्या पोत्यात हात घातला तं फसशील. कोणत्या पोत्यात हात हाय, हे आधी पाहाचं.”

खरं सांगायचं तर उदाहरण चांगलं होतं. औषधाचं प्रमाण म्हणजे काय, हे मला आमच्या कॉलेजच्या पुस्तकापेक्षा या पायलीनं जास्त नीट कळलं. पण चांगली गोष्टसुद्धा माणसानं किती वेळा सांगावी? औषध कंपनीच्या प्रतिनिधीला सांगितली. जनरेटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितली. आरमोरीच्या बाजारात एकदा आम्ही वांगी घेत होतो, तर त्या वांगीवालीला सांगितली. ती ऐकून म्हणाली, “घ्याची हाय का नाई वांगी?” मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

दुसरा छळ हिशोबाचा होता. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर त्यांच्या समोर उघडायची सोय नव्हती. “लाइट जाते, मोबाइल पडते, डोकं पडत नाई,” असं म्हणायचे. आणि तोंडी हिशोब विचारायचा तो मराठी आकड्यांत. “पावणेअकरा किलोचं पोरगं हाय, किलोले पंधरा मिलिग्रॅम द्याचं हाय, अन् बाटलीवर पाच एमएलले एकशे पंचवीस लिहिलं हाय. बोला मॅडम.” मी आधी ‘पावणेअकरा’शी झगडत असायची. अकरातून पाव कमी की अकरावर पाव जास्त, हे मला आजही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. ते ठरेपर्यंत सर खिडकीबाहेर पाहत बोटांनी टेबल वाजवत. “तुमच्या कॉन्व्हेंटात पाव, अर्धा, पाऊण शिकवलं नाई काय? फी घेऊन काय शिकवत होते?” मी मनात म्हणत असे, थ्री-क्वार्टर्स शिकवलं होतं.

जीपमधून रुग्णाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेतानासुद्धा ते सोडायचे नाहीत. रस्त्यात खड्डा आला की आम्ही दोघं छतापर्यंत उडायचो आणि खाली येता येता त्यांचा प्रश्न यायचा: मिनिटाला किती मायक्रोग्रॅम, तर तासाला किती मिलिग्रॅम? रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे अशा दयेनं पाहायचे की जणू आजारी मीच आहे.

चमच्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. तापाचं पातळ औषध घरी चमच्यानं देतात आणि प्रत्येक घरचा चमचा वेगळा, हे सगळ्याच डॉक्टरांना माहीत असतं. सरांनी त्यावर जो उपाय काढला तो मात्र आणखी कुणी काढला असेल असं वाटत नाही. लेकराला दाखवायला आणणाऱ्या प्रत्येक आईनं घरचा चमचा सोबत आणायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडीच्या बाहेर बाया रांगेत बसायच्या, कुणाच्या पदराच्या गाठीत चमचा, कुणाच्या पिशवीत, कुणी केसात खोचलेला. सर एकेक चमचा घ्यायचे, मोजलेलं पाणी त्यात सोडायचे, आणि पाच एमएल जिथे भरलं तिथे ऑपरेशनच्या पात्यानं आतून एक रेघ ओढायचे.

“तुझा चमचा साताचा हाय बाई. रेघेपर्यंतच भराचं. काठोकाठ नाई.”

एका म्हाताऱ्या आजीनं चमचा परत ओढून घेतला होता. “माह्या चमच्याले खरवडू नका डाक्टर. सासूनं देल्ला होता.”

“मंग सासूले सांगा, नातवाचा ताप बी तूच उतरव.”

“ते मेली,” आजी म्हणाली. “नाईतं तिनं उतरवला असता.”

सर खळखळून हसले, मग आजीच्या चमच्यावर रेघ न ओढता त्यांनी, हा औषधाला वापरायचा नाही याची खूण म्हणून, त्याच्या दांड्याला दोरा बांधला आणि आपला एक प्लॅस्टिकचा चमचा तिला दिला. ओपीडीत त्या दिवशी एवढी गर्दी होती की दुपारच्या जेवणाला संध्याकाळ झाली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि हे चमच्यांना दोरे बांधत बसले होते. त्यांचा राग करावा तर समोर असं काहीतरी घडायचं, आणि राग न करावा तर भूक लागलेली असायची.

त्यांच्या बापाचा धंदा मासेमारीचा. गावच्या तलावात जाळं टाकायचं आणि मिळेल ते बाजारात विकायचं. मासा हातावर घेऊन वजन सांगायची सवय त्यांना लहानपणीच लागली होती, आणि डॉक्टर झाल्यावर तीच सवय त्यांनी लेकरांवर चालवली. कुठलंही मूल आलं की त्याला काखेत हात घालून उचलायचे, दोनदा वरखाली करायचे आणि आकडा सांगायचे. मग मला काट्यावरचा आकडा वाचायला लावायचे. ते क्वचितच चुकायचे. चुकले तर काट्यालाच दोष द्यायचे. मूल रडत असेल तर म्हणायचे, “रडून वजन कमी होत नाई रे बाबू.” असं म्हणत ते त्याला तसंच कडेवर घेऊन पुढचा रुग्ण तपासायचे, आणि मूल थोड्या वेळानं त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी चघळत शांत बसलेलं असायचं.

आता त्या सिरिंजबद्दल.

अ‍ॅड्रेनलिन हे औषध तातडीचं. एखाद्या इंजेक्शननं किंवा डंखानं अंगभर गांधी उठून श्वास कोंडायला लागला की तेच वाचवतं, आणि क्षणात द्यावं लागतं. त्याची लहानशी काचेची कुपी येते, एका एमएलमध्ये एक मिलिग्रॅम. लहान मुलाला ते किलोच्या हिशोबानं इतकं थोडं लागतं की सिरिंजच्या एक-दोन बारीक रेघांतच काम होतं. पूर्वी कधीतरी घाईत एका सिस्टरला त्या रेघा दिसेनात आणि मौल्यवान वेळ गेला. त्यावर सरांनी स्वतःची पद्धत काढली. रोज सकाळी आल्या आल्या ते एक कुपी फोडायचे, त्यात नऊ एमएल सलाईन मिसळायचे, आणि दहाच्या सिरिंजमध्ये भरून इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवायचे. म्हणजे किलोला एक दशांश एमएल. दहा किलोच्या मुलाला एक एमएल, वीस किलोच्या मुलाला दोन. डोळ्यांना दिसेल एवढं. उजेडानं खराब होऊ नये म्हणून तिला एक्स-रेच्या काळ्या कागदात गुंडाळायचे. आदल्या दिवशीची न वापरलेली फेकून द्यायचे. सकाळी घरचे देव धुवावेत तितक्या निष्ठेनं हे चालायचं.

पुस्तकात असं नव्हतं. स्नायूत द्यायचं औषध पातळ करत बसू नये, बारीक सिरिंजनं तसंच द्यावं, असं आम्ही शिकलो होतो. पण मी तेही सोडून दिलं असतं. माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. त्या सिरिंजवर चिठ्ठी नसायची. आत काय आहे, किती पातळ आहे, काही लिहिलेलं नाही. काळा कागद, एवढीच तिची ओळख.

“सर, लेबल?” मी एकदा विचारलं होतं. वर्षभरात मी स्वतःहून विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी तो एक.

“लिहिलं का डोकं झोपते,” सर म्हणाले. “चिठ्ठी वाचणारा माणूस विचार करत नाई. चिठ्ठी नसली तं विचारते, हे काय हाय? किती हाय? विचारलं पाहिजे.”

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या चिकटपट्टीवर औषधाचं नाव आणि ‘एक एमएल म्हणजे एक दशांश मिलिग्रॅम’ असं लिहून सिरिंजला लावलं. तिसऱ्या दिवशी पट्टी नव्हती. ती खिडकीच्या काचेवर चिकटवलेली होती. मी पुन्हा लावली. ती पुन्हा काचेवर गेली. असं बरेच दिवस चाललं. आमच्यात या विषयावर अक्षरही बोललं जात नव्हतं. खिडकीवर पट्ट्यांची ओळ वाढत होती आणि मावशी काच पुसताना करवादत होत्या. “तुमचं दोघांचं काय चाललं हाय ते बोलून मिटवा ना. माह्या काचेचा काऊन सत्यानाश करून राह्यले?” शेवटी मी दमले. ज्या माणसाशी भांडायला तोंड उघडावं लागतं त्याच्याशी चिकटपट्टीनं किती दिवस भांडणार?

एक गोष्ट मला तेव्हाही खुपायची. एमएल म्हणजे पाणी म्हणणारे सर या एका सिरिंजच्या बाबतीत मात्र सर्रास “एक सीसी द्या, दीड सीसी द्या” म्हणायचे, आणि सीसी म्हणजे एमएलच. त्यांचा नियम साऱ्या जगाला होता, त्यांच्या सिरिंजला नव्हता. जुन्या सिस्टरला सगळं पाठ होतं, त्यामुळे कधी अडलं नाही. अडत नाही तोवर असल्या गोष्टी पद्धत म्हणून मिरवतात.

माझं वर्ष संपायला आठवडा उरला होता. जुनी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या केंद्रातून एक कंत्राटी सिस्टर आली. माझ्याच वयाची, कामाला चटपटीत, सरांना घाबरून असलेली. तिला चहाचं मोजपात्र दाखवून झालं, पायलीचं व्याख्यान देऊन झालं. काळ्या कागदातल्या सिरिंजबद्दल तिला सांगायचं सरांच्या मनातही आलं नसावं. त्यांच्या मते ती सगळ्यांना माहीत होती.

त्या दिवशी सकाळी, ती कामावर यायच्या आधीच, मधमाश्यांनी फोडून काढलेलं एक पोर आलं होतं. त्याला ती सिरिंज वापरून झाली. सर दुसरी भरणार, तोच ओपीडी सुरू झाली आणि ते राहून गेलं. ऊन चांगलं वर आल्यावर एक माणूस मोटारसायकलवरून आला, मागे त्याची बायको, दोघांच्या मध्ये मुलगी. मुलीचा उजवा हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता.

“पडवीत जाळं ठेवलं होतं जी,” बाप म्हणाला. “तलावावर जाचं होतं म्हणून मीच म्हटलं, आण जाळं. जाळ्यातच बसून होता साप.”

तो हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मीच म्हटलं आण, मीच म्हटलं आण. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मुलीला उचललं, दोनदा वरखाली केलं. “वीस,” ते म्हणाले. मी काट्यावर पाहिलं. वीस.

हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नव्हतं. घोणस असावी. सापाच्या विषावरचं औषध सुरू करायचं ठरलं. नव्या सिस्टरनं विचारलं, “सर, लहान आहे, अर्धं सुरू करू?”

“सापाले वय समजत नाई. त्यानं पोरगी पाहून कमी विष सोडलं काय? मोठ्याएवढंच औषध.” हे बरोबर होतं. विषाचा उतारा विषाच्या मानानं द्यायचा असतो, मुलीच्या मानानं नाही. त्यांच्या अशा वाक्यांनीच माणूस फसतो. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर असतात.

ड्रिप लागली. मी तिच्या पायाशी उभी राहून पाहत होते. थोड्या वेळानं मुलगी मान खाजवायला लागली. मग पोट. तिच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत एकमेकींत मिसळल्या. ओठ जाड झाले. “माय,” ती म्हणाली, आणि पुढचा श्वास शिटीसारखा वाजत आत गेला. उताऱ्याचंच औषध तिच्या अंगाला सोसत नव्हतं.

“ड्रिप बंद!” सर डोक्याशी धावले, ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडावर धरला. “अ‍ॅड्रेनलिन! दोन सीसी! मांडीत!”

मी ड्रिप बंद केली. सिस्टर ट्रेकडे वळली. तिथे काळ्या कागदातली सिरिंज नव्हती आणि तशी काही असते हे तिला ठाऊकही नव्हतं. तिला हुकूम मिळाला होता आणि समोर कुप्या होत्या. कोणतीही शिकलेली सिस्टर जे करील तेच तिनं केलं. मला काच फुटल्याचा आवाज आला. टक.

मग दुसरा आवाज आला. टक.

पहिल्या आवाजानं मी वळले नव्हते. दुसऱ्यानं वळले. एवढ्याशा मुलीला दुसरी कुपी लागायचं कारणच नव्हतं. सर पातळ केलेल्या औषधाचे दोन सीसी म्हणत होते, तिनं निखळ औषधाचे दोन सीसी भरले होते. दोन मिलिग्रॅम. पाहिजे होतं त्याच्या दहापट. तेवढ्यानं मुलीचं हृदय धावत सुटून बंद पडू शकलं असतं.

माझ्या मनात वाक्य तयार होतं. सिस्टर, दॅट्स अनडायल्यूटेड. ते मराठीत आणायला वेळ नव्हता. सिस्टरनं मुलीच्या मांडीवर कापूस फिरवला. मी दोन पावलं टाकली आणि तिचं मनगट धरलं.

“मॅडम?” ती दचकली.

मी मान हलवली. सिरिंज तिच्या हातातून काढून बाजूच्या ताटलीत टाकली, तिसरी कुपी फोडली, एका सीसीची बारीक सिरिंज घेतली, त्यात दोन दशांशाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि मुलीच्या मांडीत दिलं. रेघा मला स्वच्छ दिसत होत्या. हे सगळं होईपर्यंत सरांची पाठ आमच्याकडे होती. ते मुलीच्या श्वासाला कान लावून बसले होते.

“गेलं काय?” त्यांनी विचारलं.

“गेलं सर,” सिस्टर म्हणाली, कारण मी म्हणाले नाही.

मग आम्ही सगळे वाट पाहत उभे राहिलो. दारात बाप हात जोडून उभा होता, त्याची बायको खाली बसली होती. हळूहळू शिटी मऊ झाली. नाडी हाताला भरून लागली. गांधी विरत गेल्या, आणि मुलीनं मास्क बाजूला सारून पाणी मागितलं, तेव्हा तिच्या आईनं पहिल्यांदा आवाज काढून रडायला सुरुवात केली. पुढे उताऱ्याचं औषध हळू वेगानं पुन्हा सुरू केलं, ते तिनं सोसलं. दुपारपर्यंत ती बापाला विचारत होती, जाळ्यात मासा होता का.

दुपारनंतर ड्रेसिंगच्या खोलीत सर, सिस्टर, मावशी आणि मी, एवढेच होतो. सिस्टरला राहवलं नाही. ती रडत रडत म्हणाली, “सर, मी दोन फोडल्या होत्या. तुम्ही दोन सीसी म्हणाले म्हणून. मॅडमनं हात धरला. कुठी लिहू नका सर, माह्यं कंत्राटाचं रिन्यूअल हाय.”

सर ताटलीपाशी गेले. फुटलेल्या कुप्या होत्या, भरलेली सिरिंज तशीच होती. त्यांनी ती उजेडात धरली. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा इतका राखेसारखा झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते स्टुलावर बसले. मला वाटलं, आता ते म्हणतील, माझं चुकलं. एवढं एकदा म्हणाले असते तर मी त्यांचं सगळं विसरले असते, चहा, पायली, पावणेअकरा, सगळं.

मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि त्याच्याबरोबर तेही परत आले.

“पाह्यलं काय मावशी?” ते उठले. “म्हणून मी म्हणतो, डोकं जागं पाहिजे. मॅडमनं विचार केला. चिठ्ठी वाचून हात धरला काय त्यायनं? नाई! विचार करून धरला. वर्षभर डोकं खाल्लं मी त्यायचं, ते आज कामी आलं. सिस्टर, रडू नको, शिकली तू आज. याले म्हणते ट्रेनिंग.”

“सर,” मावशी म्हणाल्या, “पोरगी मेली असती ना.”

“मेली नाई ना? तेच तं सांगून राह्यलो.”

आणि ते खरोखर आनंदात होते. नाटक नव्हतं. त्यांच्या डोक्यात हिशोब जुळला होता, बेरीज बरोबर आली होती. शीळ घालत त्यांनी ट्रे ओढला, नवी कुपी फोडली, दहाची सिरिंज घेतली. नऊ एमएल सलाईन मोजून ओढलं. हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणला. काळ्या कागदाचा तुकडा फाडला आणि तिच्याभोवती गुंडाळायला लागले. सिस्टर डोळे पुसत त्यांच्याकडे पाहत उभी होती, आपल्यावर कोणी रागावलं नाही म्हणून कृतज्ञ. आठवड्यानं मी जाणार होते. ती इथेच राहणार होती, आणि ती सिरिंजही.

सर ती ट्रेमध्ये ठेवायला वाकले. मी ट्रे ओढून घेतला. तो टेबलावर घासून मोठा आवाज झाला, आणि त्या आवाजापेक्षा माझाच आवाज मोठा निघाला. बाहेर रांगेतल्या बायासुद्धा वळून पाहायला लागल्या.

“नाही सर. चिठ्ठीशिवाय ही आता इथे राहणार नाही. आज त्या मुलीला काही झालं असतं, तर सगळ्यांनी सिस्टरचं नाव घेतलं असतं. दोन सीसी कशाचे, हे तिला तुम्ही सांगितलंही नव्हतं आणि कुठे लिहूही दिलं नव्हतं. चूक तुमची होती.”